मागे कोण कोण

फॉर्मवरचा सातवा प्रश्न होता, तुमच्या मागे कोण कोण आहे? आणि त्याखाली तीन रिकाम्या रेघा. बाईंचं पेन तिथे जे अडकलं ते अडकलंच. तोवर सगळं झटाझट चाललं होतं. नाव, शाळा, नोकरीची वर्षं, तुमच्यातला एक गुण, तुमच्यातला एक दोष. गुणापुढे बाईंनी 'आवाज' लिहिलं होतं आणि दोषापुढेही 'आवाज'च, कारण खरं ते खरं. पण हा सातवा प्रश्न ज्याने काढला त्याला धरून एक ठेवून द्यावी असं त्यांना वाटलं. असं कोणी विचारतं का धडधाकट माणसाला, सकाळी साडेदहा वाजता? विभागाच्या ऑफिसातला वरचा हॉल होता. आठ शाळांचे चाळीस शिक्षक हाताशी फळी लावलेल्या अरुंद खुर्च्यांत कोंबले होते. समोर कापडी पाटी, 'नेतृत्व विकास : शिक्षक आणि विद्यार्थी', आणि तिच्यावर घडीची रेघ इतकी ठळक की विकास मधोमध मोडल्यासारखा दिसत होता. चाळीसातली एकोणचाळीस पेनं खरखरत होती. म्हणजे बाकी सगळ्यांच्या मागे कोणी ना कोणी होतं.

हे शब्द बाईंनी शेवटचे वाचले होते चौदा महिन्यांपूर्वी, पेपरात, गॅलरीत उभ्या राहून, हातात चहाचा कप. बाबांचा फोटो, जुना, बस डेपोत वेळा लिहायला बसायचे तेव्हाचा, आणि खाली दोन ओळी. त्यांच्या मागे मुलगा, सून व दोन नातवंडे असा परिवार आहे. बाईंनी दोनदा वाचलं. मग कप खाली ठेवून तिसऱ्यांदा वाचलं, बोट ठेवून, पोरं वाचतात तसं. सहा वर्षं बाबा अंथरुणावर होते आणि सहा वर्षं त्यांची कूस बदलणारी, पेज भरवणारी, शाळेतून धावत घरी येऊन आधी त्यांच्या छातीवर हात ठेवून बघणारी कोण, तर ती ओळीत नव्हती. भाऊ दुसऱ्या गावी असतो, त्याला फोन लावला. "अरे, मी कुठंय?" "कशात कुठं?" "पेपरात. बाबांच्या मागे मी नाहीये." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "अगं ताई, मी पेपरवाल्याला सांगितलं होतं. ओळीत बसलं नसेल. घाई होती ना." आणि मग थोडं थांबून, "माणूस गेलंय आणि तू शब्द काय मोजत बसलीस." बाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. राग त्यांच्या घरचा, हक्काचा, हाक मारली की येणारा. पण त्या दिवशी तोही आला नाही. अंगात नुसती एक रिकामी रेघ राहिली.

त्यांनी लिहिलं, 'कोणी नाही.' पूर्णविराम दिला. उरलेल्या दोन रेघांवर आडवी काट मारली.

ट्रेनिंग देणारा पोरगा होता, चकचकीत बुटांचा, दर वाक्यानंतर 'ओके?' म्हणणारा. त्याने फॉर्म गोळा केले आणि मधलेच एकेक काढून मोठ्याने वाचायला लागला. कोणाच्या मागे सहकारी, कोणाच्या मागे विद्यार्थी, एकाच्या मागे तर 'संपूर्ण गाव', त्यावर टाळ्या पडल्या. मग तो थांबला. "कोणी नाही. वा! हे कोणाचंय? इतकं प्रामाणिक उत्तर पहिल्यांदाच बघतोय." बाईंनी हात वर केला. त्यांना खोटं बोलायला वेळ लागतो. "मॅडम, म्हणजे तुम्ही सांगता आणि कोणी ऐकतच नाही, असं?" शेजारी बसलेले चित्रकलेचे सर फिस्सकन हसले. बाईंच्याच शाळेतले ते, गप्प बसले तर पोटात दुखतं असा माणूस. "यांचं ऐकत नाही? अहो, यांनी सावधान म्हटलं तर भिंतीवरची पाल पण सरळ होते." सगळा हॉल हसला. आणि त्या हसण्यातच बाईंना कळलं, प्रश्न काय होता ते. "मागे म्हणजे, तुम्ही निघालात तर तुमच्या मागून कोण येईल. ओके?" पोरगा म्हणाला. "असं होय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, गेल्यावर." "गेल्यावर कुठे?" त्याने विचारलं. त्याचं वय लहान होतं. चित्रकलेच्या सरांनी पेनाचं टोपण उघडलं, लावलं, परत उघडलं.

त्यानंतर तो जे बोलला ते बाईंना अर्धंच ऐकू आलं, पण जे आलं ते पुरेसं होतं. खरा नेता पुढे नसतो, मागे असतो. शाळेत पुढे पोरांनी उभं राहायचं. सकाळची रांग आता पोरांनीच चालवायची, हुकूम त्यांनीच द्यायचे. आजवर जे शिक्षक हे काम करत होते त्यांनी पोरांनी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला दोन आठवड्यांत तयार करायचं आणि चाचणीच्या दिवशी शेवटच्या रांगेच्या मागे उभं राहून निरीक्षणाचा कागद भरायचा. खाली दोनच चौकोन. योग्य. अयोग्य. अयोग्यवर खूण झाली तर यंदाचं वर्षभर जुनीच पद्धत.

जुनी पद्धत म्हणजे बाई. एकोणीस वर्षं. शाळेच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, त्यातली वरची त्यांची. मोठ्या बाई बदलल्या, म्हणजे मुख्याध्यापिका, तीनदा बदलल्या, गेटवरचा माणूस बदलला, मैदानातलं झाड पडलं, पण रोज सकाळी सात वीसला त्या पायरीवर बाईच. शिकवायच्या गणित, पण गणितासाठी त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पोरांत त्यांचं नाव 'सावधान'. आली रे सावधान, पळ. त्यांना ते माहीत होतं आणि वाईट वाटत नव्हतं. शाळेत एक माइकही होता, कपाटात पडून पडून मेला. बाईंनीच सांगितलं होतं, मला नाही लागत. सावधान म्हटलं की सहाशे पोरांच्या बाराशे टाचा एकदम जुळायच्या आणि मग जी शांतता पडायची ना, ती बाईंची होती. स्वतःची, कमावलेली. तेवढ्या वेळात सहाशे जण श्वास धरून एकाच गोष्टीची वाट बघत असायचे, की बाई आता काय बोलतात. आणि बाई विश्राम म्हणायला गरजेपेक्षा जरा जास्त वेळ घ्यायच्या. फार नाही, दोन श्वास. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? घरी गेल्यावर कुलूप उघडायचं, पंख्याचं बटण दाबायचं, बाबांच्या खोलीचं दार सवयीने हळू लोटायचं. पलंग तसाच. कधीकधी त्या उगाचच मोठ्याने बोलायच्या, 'आज गरम आहे,' आणि आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, पत्ता चुकलेल्या पत्रासारखा. आता जगात त्यांना 'अगं' म्हणणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याच्याच ओळीत त्या बसल्या नव्हत्या.

पोरांनी मतं टाकली आणि निवडलं कोणाला, तर पिपाणीला. सातवीतली, चणीने एवढीशी, गुडघ्याला कायम काहीतरी लागलेलं, आणि आवाज नावाप्रमाणेच. टोकदार, बारीक, शेवटाला फाटणारा. बाई तडक मोठ्या बाईंकडे गेल्या. "ही? हिचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जाणार नाही." मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. "पोरांनी निवडलीय हो." "का पण?" "मी विचारलं त्यांना. पोरं म्हणाली, ती आमचं ऐकून घेते." चित्रकलेचे सर तिथेच सही करत होते, म्हणाले, "म्हणजे ऐकवणाऱ्यांचा कोटा भरला असेल." मग बाईंकडे बघून, "गंमत केली हो." "तुमच्या गमतीला शाळेत वेगळा तास द्यायला पाहिजे," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. मागून मोठ्या बाई म्हणाल्या, "कागद तुमच्याच हातात आहे. तुम्ही लिहाल ते मी पुढे पाठवीन." हे त्या चांगुलपणाने म्हणाल्या की वाट दाखवली, ते बाईंना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. चौकोन मात्र डोळ्यांपुढून हलला नाही. अयोग्य. एक खूण. त्यात खोटं तरी काय होतं? पोरीला आवाज नाही, हे आंधळ्यालाही दिसेल.

शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानात सराव सुरू झाला. पिपाणी वरच्या पायरीवर, बाई खाली. खाली उभं राहून पायरीकडे बघायचं बाईंच्या अंगवळणी नव्हतं. ऊन डोळ्यांत यायचं. पायरी एवढी झिजलेली असेल हेही त्यांना माहीत नव्हतं, मधोमध खोलगट झाली होती, एका जोडी पावलांपुरती. पोरीची पावलं त्या खळग्यात पोहत होती. "पोटातून आवाज काढ. गळ्यातून नाही." "सावधाऽन!" "मांजर चिरडल्यासारखं वाटतंय." "बाई, माझ्या पोटात नसेलच आवाज." "सगळ्यांच्या असतो. परत." पोरगी चिवट होती, रडत नव्हती, याचाही बाईंना राग यायचा. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "बाई, सावधान म्हटल्यावर विश्राम कधी म्हणायचं? मनात आकडे मोजायचे का?" बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की याचं उत्तर आहे, पण ते सांगण्यासारखं नाही. "कळतं आपोआप." "कसं?" "कळतं म्हटलं ना!" पोरगी पाय खाजवत म्हणाली, "मला वाटतं, त्यांचे पाय दुखायच्या आत म्हणायचं." बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही.

आठव्या दिवशी बाई मैदानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "आता म्हण." पिपाणीने म्हटलं. बारीक होतं, फाटकं होतं, पण आलं. सुई कापडातून येते तसं स्वच्छ आलं, कानाला टोचलं. "नाही ऐकू आलं," त्या म्हणाल्या. पोरीचा चेहरा उतरला. परत म्हटलं. परत आलं. "नाही." तिसऱ्यांदा पोरगी ओरडली तेव्हा तिच्या मानेची शीर इथून दिसली, आणि बाईंनी नुसती मान हलवली, नाही. एकोणीस वर्षांत बाईंनी पोरांना मारलं होतं, रडवलं होतं, उन्हात उभं केलं होतं, पण खोटं कधी बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या तर जीभ जराही अडखळली नाही. पिपाणी पायऱ्या उतरून जवळ आली, घामाने केस कपाळाला चिकटलेले. "बाई, तुमचा आवाज किती लांब जातो?" "शेवटपर्यंत." "शेवटच्या रांगेपर्यंत?" "भिंतीपर्यंत." "तुम्हाला कसं कळतं? तुम्ही तर पुढे असता." भोचकपणा नव्हता त्यात, तिला खरंच शिकायचं होतं. "पोरं हलतात ना सगळी एकदम," बाई म्हणाल्या. "ऐकू आल्याशिवाय हलतील का? जा, पाणी पी."

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी बाबांच्या खोलीतली खिडकी उघडली. धूळ होती, ती पुसली. मग पलंगाच्या कडेवर बसल्या, ज्या बाजूला त्या कायम बसायच्या त्याच बाजूला, जणू उरलेली जागा अजून कोणाची तरी आहे. शेवटी शेवटी बाबांना ऐकू कमी यायचं. बाई मोठ्याने बोलायच्या, 'बाबा, कूस बदला,' आणि बाबा बाईंच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचे, हात पुढे आले की वळायचे. तेव्हा बाईंना वाटायचं, ऐकतात. शेजाऱ्यांना सांगायच्या, माझा आवाज बरोबर पोचतो त्यांना. कोण जाणे काय पोचत होतं. उद्या कागदावर खूण करायची. त्यांनी पर्समधून कागद काढून बघितला, परत ठेवला. अयोग्य लिहिलं तर परवा सकाळी सात वीसला पायरी आहे, सहाशे पोरं आहेत, ती दोन श्वासांची शांतता आहे. योग्य लिहिलं तर काय आहे? त्यांनी विचार करून बघितला. योग्यच्या पलीकडे नुसतं घर दिसत होतं.

सकाळी विभागातून तो चकचकीत बुटांचा पोरगा आला होता, पायरीशेजारी मोठ्या बाईंबरोबर उभा होता. बाई रांगांच्या कडेने चालत मागे गेल्या. सहाशे पोरांना मागून बघणं ही वेगळीच गोष्ट. पुढून चेहरे असतात, मागून नुसत्या माना, वेण्या, उसवलेल्या कॉलरी, एकाच्या पाठीवर खडूने काढलेलं गाढव. शेवटची रांग उंच पोरींची. तिच्या मागे कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे मोठा रस्ता, सिग्नलला थांबलेल्या बस, त्यांची घरघर. बाईंच्या पुढे 'शिडी' उभी होती, नववीतली, सगळ्या शाळेत उंच, म्हणून पोक काढून चालणारी. लांब, फार लांब, पायरीवर एक ठिपका हलला. पिपाणी. तिचं तोंड उघडलेलं दिसलं.

ऐकू काहीच आलं नाही. बसने गिअर टाकला तेवढं आलं. पण पुढची रांग ताठ झाली, मग दुसरी, तिसरी, वाऱ्याने गवत सरळ व्हावं तशी ती ताठरता मागे मागे येत गेली आणि शिडीच्या टाचा जुळल्या. बाईंच्याही जुळल्या, त्यांना न विचारता. बघा, मनात कोणीतरी म्हणालं, नाही पोचला. म्हटलं होतं. हाताने पर्समधला कागद चाचपला. आता खोटंही बोलायला नको होतं. पण डोकं एकदा चालायला लागलं की थांबत नाही. "ए," बाई कुजबुजल्या. "तुला ऐकू आलं?" शिडीने ओठ न हलवता उत्तर दिलं, शेवटच्या रांगेतल्या पोरांना ती कला येते. "नाही बाई. इथे कधीच येत नाही." "कधीच म्हणजे?" शिडीने टाचा आणखी घट्ट जुळवल्या. "माझं?" बाईंनी विचारलं. घाबरत उत्तर आलं, "तुमचं पण नाही. आम्ही पुढच्यांचं बघून करतो." "मग सांगितलं का नाही कोणी?" "कोणाला सांगणार? तुम्ही तिकडे असता ना."

भिंतीपलीकडची बस निघून गेली, दुसरी येऊन थांबली. बाईंच्या तळपायांना मैदानाची खडी टोचत होती आणि ती ओळखीची होती. शाळेत असताना त्याही अशाच होत्या. उंच, म्हणून शेवटच्या रांगेत, पोरं 'खांब' म्हणायची. दहा वर्षं शेवटून बघितलं होतं सगळं. पुढे कोण बोलतंय, काय बोलतंय, एक अक्षर कळायचं नाही. पहिल्या दिवशी रडत घरी आल्या तेव्हा बाबा म्हणाले होते, 'अगं, त्यात काय, पुढच्याचं बघायचं आणि तसं करायचं. चुकत नाही माणूस.' आणि त्या चुकल्या नव्हत्या. हे कसं विसरलं? पायरी चढताना खालीच राहिलं की काय? एकोणीस वर्षं सहाशे पोरांची शांतता आपली म्हणून घरी नेली, आणि मागची दोनशे तर नुसती पुढच्याच्या टाचांकडे बघत होती, बाबा हातांकडे बघायचे तशी. राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्याऐवजी काहीतरी हसण्यासारखं आलं.

"बाई."

शिडी मान थोडी वळवून बघत होती. समोर सगळ्या पोरांचे पाय सुटले होते, हात पाठीमागे गेले होते. खांदे खाली आले होते. कोणी शिंकलं, कोणी हसलं. फक्त बाईच टाचा जुळवून ताठ उभ्या होत्या, भिंतीला पाठ करून.

"बाई, विश्राम झालं. कधीच झालं. पाय सोडा."

बाईंनी पाय सोडले. गुडघे कुरकुरले. खरंच, पोरीने लवकर म्हटलं होतं. पाय दुखायच्या आत. त्यांनी पर्समधून कागद काढला, पेन काढलं, आणि इकडेतिकडे बघितलं. टेकवायला काही नव्हतं. भिंत खडबडीत, पर्स मऊ. शिडीने ते बघितलं आणि जराही न बोलता वळून गुडघ्यांवर हात टेकून वाकली. "पाठीवर लिहा बाई."

बाईंनी कागद त्या पाठीवर ठेवला. गणवेशाच्या कापडातून ऊब लागत होती, श्वासाबरोबर कागद वरखाली होत होता. किती दिवसांनी त्यांचा हात कोणाच्या तरी श्वासावर टेकला होता. त्यांनी योग्यच्या चौकोनात खूण केली. खाली शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, 'आवाज मध्यापर्यंत स्वच्छ येतो. सरावात मी नाही म्हटलं होतं, ते खोटं होतं. मागे कोणाचाच येत नाही. माइक दुरुस्त करावा.' अक्षर हललं. "बाई, गुदगुल्या होतात," शिडी खुदखुदली. "काय एवढं लिहिताय?" "गप. सावधान."

शिडी हसू दाबून निश्चल झाली. कागद भरला होता, सहीही झाली होती. पुढे रांगा वर्गांकडे वळायला लागल्या होत्या, पायरीवरचा ठिपका दोन्ही हात हलवत कोणाला तरी काहीतरी सांगत होता. बाईंनी पेनाला टोपण लावलं. हात होता तिथेच ठेवला. एक श्वास. दुसरा.

"विश्राम," त्या म्हणाल्या. एकाच माणसाला ऐकू जाईल इतक्या हळू.